पूर्वेचा वारा

सप्टेंबर 2023चा पहिला आठवडा. बोल्टनला माझ्या मुलीच्या घरामागे चार खुर्च्या मावतील एवढं अंगण आहे. सकाळी नऊच्या सुमारास मी तिथे बिनस्वेटरचा बसलो होतो. लँकेशरमध्ये ही सांगण्यासारखी गोष्ट आहे. गल्लीतल्या प्रत्येक घरामागे दोरीवर कपडे वाळत होते, खिडक्या सताड उघड्या होत्या, आणि कोपऱ्यावरच्या घरातली मुलं शाळेत जाताना कोट घरी विसरून गेली होती. कुंपणापलीकडे आमचे भाई राहतात. मूळचे नवसारीकडचे, वय ऐंशी, माझ्याहून सात वर्षांनी मोठे. ते बाहेर आले, दोरीवरच्या चादरीला हात लावून पाहिला. तासाभरात खडखडीत वाळली होती. मग त्यांनी चेहरा पूर्वेच्या डोंगरांकडे वळवला, क्षणभर वारा घेतला आणि म्हणाले, "भाऊ, आज साच्यावर हाल झाले असते. धागा टिकला नसता."

आमचं बोलणं गुजराती, हिंदी आणि मराठीच्या मिश्रणात चालतं, पण या वाक्याला कुठल्याच भाषेची गरज नव्हती. मी मुंबईच्या एका गिरणीत अकरा वर्षं हवेचा दमटपणा सांभाळण्याच्या कामावर होतो. वस्त्रोद्योगाची पदविका घेऊन 1971 साली लागलो, 1982च्या संपात बाहेर पडलो. भाई बोल्टनमध्ये 1964 पासून रात्रपाळीला होते. चांगलं ऊन पडलेल्या दिवशी ज्यांच्या मनात आधी धाग्याची काळजी येते, अशी माणसं आता या गावात फार उरलेली नाहीत.

त्या आठवड्यात ब्रिटनमध्ये कुठे ना कुठे सलग सात दिवस पारा 30 अंशांच्या वर गेला. 10 तारखेला दक्षिणेकडे केंट परगण्यात 33.5 अंशांची नोंद झाली. महिना संपला तेव्हा हवामान खात्याने सांगितलं की देशभराचं सरासरी तापमान 15.2 अंश निघालं, म्हणजे 2006च्या सप्टेंबरइतकंच, आणि नोंदी सुरू झाल्यापासून त्याहून उबदार सप्टेंबर झालेला नाही. टीव्हीवर 'इंडियन समर' हा शब्द दिवसातून दहादा येत होता. माझ्या नातीने विचारलं, "आजोबा, आपल्याकडचा उन्हाळा इथे आलाय का?" तिला सांगितलं, यातला इंडियन म्हणजे आपण नव्हे. हा शब्द अमेरिकेतला. क्रेव्हकर नावाच्या फ्रेंच वसाहतवाल्याच्या 1778च्या लिखाणात तो सापडतो, आणि त्यातले इंडियन म्हणजे तिथले मूळ रहिवासी. इंग्लंडमध्ये जुनी माणसं अशा उबेला संतांच्या नावाने ओळखत. 18 ऑक्टोबरच्या सुमाराला आली तर संत ल्यूकचा छोटा उन्हाळा, 11 नोव्हेंबरच्या सुमाराला आली तर संत मार्टिनचा. आपण नाही का हस्ताचा पाऊस आणि चित्राचं ऊन म्हणत, तसंच ते.

शब्द आपला नाही, पण या गावाच्या हवेत आपलं पुष्कळ काही आहे. ते कसं, ते सांगायला मला धाग्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

लँकेशरचा पाऊस मुंबईच्या माणसाला पाऊस वाटतच नाही. वर्षाचा एकूण पाऊस मोजला तर मँचेस्टरचा आकडा मुंबईच्या निम्म्याहूनही कमी भरतो. पण आपल्याकडे चार महिने धो धो कोसळून तो निघून जातो, इथे तो बाराही महिने झिमझिमत राहतो. अटलांटिकवरून पश्चिमेचे वारे ओल घेऊन येतात, पेनाइन डोंगरांना अडतात, आणि डोंगरांच्या पश्चिम उतारावरची ही सगळी गावं, बोल्टन, ओल्डहॅम, रॉचडेल, ब्लॅकबर्न, बर्नली, सदा भिजल्यासारखी असतात. भिंतीवर शेवाळ, कपाटात बुरशी. माझी मुलगी या हवेला रोज नावं ठेवते. मी पहिल्यांदा इथे उतरलो तेव्हा मात्र विमानतळाबाहेर श्वास घेतला आणि मनात म्हटलं, पंच्याहत्तर टक्के असेल. सवयच तशी.

कापसाच्या तंतूचा एक गुण असा की ओला झाला की तो जास्त मजबूत होतो. लोकर ओली झाली की कमजोर होते, कापूस उलट. सुक्या हवेत कापसाचे तंतू ताठ आणि ठिसूळ होतात. साच्यातून, म्हणजे यंत्रातून, वेगाने जाताना घर्षणाने त्यांच्यावर वीज साठते, मग ते एकमेकांपासून दूर पळतात, पिसारल्यासारखे उभे राहतात. पेळवातून सूत ओढताना तंतूंनी एकमेकांना धरून राहायला हवं, नेमकं तेच ते करत नाहीत. धागा जितका बारीक तितकी ही अडचण मोठी. कताईला पन्नास-साठ टक्के दमटपणा चालतो, विणकामाला पंच्याहत्तर ते पंच्याऐंशी लागतो, कारण मागावर ताण्याच्या प्रत्येक धाग्याला मिनिटाला कित्येकदा हिसका बसतो.

बोल्टन हे बारीक सुताचं गाव. त्याला कारण झालेला माणूस इथेच जन्मला, 1753 साली. सॅम्युअल क्रॉम्प्टन. गावाबाहेर ओढ्याच्या काठावर लाकडी पट्ट्यांचं एक जुनं घर आहे, हॉल-इ-थ-वुड नावाचं. त्या घरात क्रॉम्प्टनचं कुटुंब भाड्याने राहायचं, आणि तिथेच 1779 साली त्याने 'म्यूल' नावाचं सूतकताईचं यंत्र पुरं केलं. या यंत्राची गाडी पाच-एक फूट पुढे यायची, येताना सूत ओढून पीळ द्यायची, मागे जाताना ते चात्यांवर गुंडाळायची. आपल्याकडची बाई चरख्यावर हात लांब करून जे करते तेच, फक्त शेकडो चात्यांवर एकदम. मलमलीच्या जोडीला बसेल असं सूत इंग्लंडमध्ये पहिल्यांदा या यंत्रावर निघालं. क्रॉम्प्टनने त्याचं पेटंट घेतलं नाही. गिरणीवाल्यांनी वर्गणीचं आश्वासन देऊन यंत्र पाहून घेतलं आणि हातावर फार थोडे पैसे ठेवले. 1812 साली पार्लमेंटने त्याला 5,000 पौंड दिले, तेही त्याच्या व्यवहारात बुडाले. 1827 साली तो गेला, आणि 1862 साली गावाने त्याचा पुतळा उभारला. त्या पुतळ्यासमोरच्या बाकावर मी पुष्कळदा बसतो. ज्याच्या यंत्रावर एवढं मोठं गाव उभं राहिलं, तो माणूस असा हातावर पोट घेऊन मरावा, याचं मला अजून वाईट वाटतं.

कापडाचा धंदा इथे रुजला तो दमट हवेमुळेच, असं शाळेच्या पुस्तकात असायचं. ते पुरं खरं नाही. लिव्हरपूलचं बंदर जवळ होतं, डोंगरातून पडणारं पाणी होतं, जमिनीखाली कोळसा होता, आणि घरोघरी विणकाम करणारी माणसं गिरण्यांच्या आधीपासून होती. पण हवेने साथ दिली हेही खरं. 1929 साली बोल्टनमध्ये 216 सूतगिरण्या होत्या. इतकी गर्दी झालेल्या धंद्यात शंभर धाग्यांमागे एक धागा कमी तुटला तरी त्याला किंमत होती.

वर्षभर फुकट मिळणारी ही ओल ज्या थोड्या दिवसांत मिळायची नाही, ते दिवस म्हणजे पूर्वेच्या वाऱ्याचे. सप्टेंबरात कधीकधी युरोपवर जास्त दाबाचा पट्टा ठाण मांडतो. मग पश्चिमेचा वारा थांबतो, हवा पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून यायला लागते, पेनाइनचा माथा ओलांडते, आणि या बाजूला उतरताना तापते आणि कोरडी होते. आभाळ निळं, ऊन कोवळं, दुपार उबदार. गावातली सगळी माणसं खूश, आणि गिरणीच्या आत धागे तुटतायत.

हे वाचून कुणाला वाटेल की धागा तुटला तर जोडायचा, त्यात काय एवढं. पण विणकराची मजुरी कापडाच्या वारावर होती. धागा तुटला की माग थांबवायचा, तुटलेलं टोक शोधायचं, गाठ मारायची, पुन्हा सुरू करायचा. तेवढा वेळ पैसे बंद. चार माग सांभाळणारी बाई अशा दिवशी एका मागाकडून दुसऱ्याकडे नुसती धावत राहायची. बाहेर वर्षातले सगळ्यात सुंदर दिवस असताना आठवड्याच्या पाकिटात पैसे कमी. मला हे कुणी शिकवावं लागलं नाही. माझे वडील परळच्या एका गिरणीत साळखात्यात चार माग चालवायचे. दसरा झाला की रात्री जेवताना ते आईला सांगायचे, "वारा फिरला." एवढंच. पुढचा हिशेब आईला कळायचा.

मुंबईचंही असंच आहे. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला डोंगर. पावसाळाभर खारा वारा ओल आणतो, गिरणीतली हवा आपोआप जड असते. पावसाळा ओसरला, ऑक्टोबरचं ऊन तापलं की घाटाकडून मतलई वारा सुरू होतो, कोरडा. दिवाळीपासून पुढे सकाळच्या पाळीला तो जाणवायचा. हात फाटायचे, ओठ फाटायचे, आणि त्रासन खात्यात, म्हणजे सूतकताईला, सुताची टोकं जोडत पोरं घामाघूम व्हायची. साडेसात हजार किलोमीटरवरची ही दोन गिरणगावं, आणि दोघांनाही सतावणारा वारा पूर्वेचाच. हे मला बोल्टनच्या अंगणात बसल्यावर त्या सकाळी पहिल्यांदा लक्षात आलं.

कोरड्या दिवसांवर उपाय गिरण्यांनी फार आधीपासून शोधले होते. विणकामाच्या शेड लँकेशरमध्ये शक्यतो एकमजली बांधत, कधी डोंगर खोदून अर्ध्या जमिनीत. खाली थेट मातीवर दगडी फरशी, म्हणजे जमिनीची ओल वर यावी. छताला करवतीच्या दात्यांसारखे उतार, आणि त्यांची काचेची बाजू उत्तरेकडे, म्हणजे उजेड येईल पण ऊन यायचं नाही. उकाड्याच्या दिवशीही खिडकी उघडायची नाही. जमिनीवर पाणी शिंपडायचं. याने भागलं नाही की वाफ.

वाफेची गोष्ट आपल्या कापसाशी जोडलेली आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

एप्रिल 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, आणि लँकेशरला येणारा अमेरिकन कापूस आटला. चार वर्षं गिरण्यांमागून गिरण्या बंद राहिल्या, लाखो माणसं धर्मादाय अन्नावर जगली. त्या काळात लिव्हरपूलला कापूस आला तो मुख्यतः मुंबईहून. खानदेश, वऱ्हाड, धारवाड, गुजरात, कुठलाही असो, इथे त्या सगळ्याला एकच नाव होतं, 'सुरत'. जरा जाणकार दलाल त्यात फरक करत. अमरावतीकडचा तो 'उमरा', वर्ध्याकडचा तो 'हिंगणघाट', आणि हिंगणघाटचा भाव चढा असे. शेतातल्या बाईने वेचलेलं बोंड तिच्या गावाचं नाव घेऊन इथपर्यंत पोचत होतं, याचा मला अभिमान वाटतो. मुंबईत पैशाचा पूर आला, प्रेमचंद रायचंदांच्या शब्दावर कंपन्या उभ्या राहिल्या, समुद्र बुजवायच्या योजना निघाल्या, आणि युद्ध संपल्यावर जुलै 1865 मध्ये सगळं कोसळलं. तो इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेलाय. त्याच कापसापुढे इथे बसलेल्या विणकराचं काय झालं, ते कमी लिहिलं गेलंय.

आपला कापूस आखूड धाग्याचा. अमेरिकन कापसाचा तंतू इंचभर, आपला पाऊण इंचाच्या आसपास. त्यात वाटेतल्या व्यापाऱ्यांनी वजन वाढवायला मिसळलेली माती, पानं, सरकी, दगड. हा प्रकार इतका वाढला की मुंबई सरकारला 1863 साली कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला. लांब अमेरिकन तंतूसाठी बेतलेल्या यंत्रांवर हे सूत पदोपदी तुटायचं. लँकेशरच्या बोलण्यात 'सुरत' हा कुठल्याही निकृष्ट मालाला म्हणायचा शब्द झाला. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला अपमान वाटला. नंतर विचार केला की चार मागांमागे उपाशी पोटी धावणाऱ्या बाईला शेतकरी आणि भेसळ करणारा व्यापारी यांतला फरक कुठून दिसणार.

कमजोर ताण्याला बळ द्यायला खळ लागते. पूर्वी ती पिठाची आणि चरबीची असायची. आता त्यात चिनी माती घालायला लागले, आणि हळूहळू इतकी घालायला लागले की कापडाच्या वजनात मातीचा वाटा मोठा झाला. आखूड कापूस लपवायला आणि कापड जड दाखवायलाही ती सोयीची होती. असं मातीने भरलेलं कापड पुन्हा जहाजात चढून आपल्याच बाजारात यायचं, पहिल्या धुण्यात अर्धं हलकं व्हायचं. पण मातीने जड झालेला ताणा सुक्या हवेत काडीसारखा मोडतो. मग शेडमध्ये नळ फिरवून बॉयलरची वाफ सोडायची. अमेरिकन कापूस परत आला तरी मातीची खळ गेली नाही आणि वाफही गेली नाही.

मी स्वतः हे काम केलंय, म्हणून त्या शेडमधली हवा मला नाकात जाणवते. भिंतींवरून पाणी ओघळतंय, केस चिकटलेत, अंगावरचा सदरा ओला, चिनी मातीची पांढरी धूळ घशात. आणि भोंगा वाजल्यावर ती बाई त्याच ओल्या कपड्यांनी शालीत गुरफटून संध्याकाळच्या थंडीत बाहेर पडते. छातीचे आजार घरोघरी होते. विणकरांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं वाफेविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा 1889 साली कापड कारखान्यांसाठी वेगळा कायदा झाला. शेडमध्ये ओले-सुके थर्मामीटर लावायचे, ठरल्या वेळी आकडे नोंदवायचे, आणि किती उष्णतेला किती ओल चालेल याचा तक्ता पाळायचा. विणकरांना वाफ पूर्ण बंद हवी होती, मिळाला तक्ता. पण तो तक्ताही लढून मिळाला होता. आपल्याकडच्या 1948च्या कारखाना कायद्यातलं 15वं कलम याच कुळातलं. कृत्रिम ओलीसाठी वापरायचं पाणी पिण्याच्या पाण्याच्या साठ्यातलं किंवा नीट शुद्ध केलेलं हवं, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. ते कलम मला तोंडपाठ होतं.

माझं रोजचं काम म्हणजे तोच तक्ता. लाकडी पाटीवर दोन थर्मामीटर. एक साधा. दुसऱ्याच्या गोळ्याला मलमलीची वात, वातीचं टोक पाण्याच्या छोट्या बाटलीत. पाणी उडून जाताना ओला गोळा थंड होतो, हवा जितकी कोरडी तितका जास्त. दोन आकड्यांतलं अंतर काढायचं, तक्त्यात पाहायचं. सुका 32, ओला 29, म्हणजे ऐंशी टक्के, माग नीट चालतील. माणसं कशी चालतील हे त्या तक्त्यात नव्हतं. एकदा ऑक्टोबरात मी वडिलांच्याच खात्यात नोंद घ्यायला गेलो. वर फवारे चालू होते. वडिलांच्या कपाळावरून पाणी टपकत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दोन बोटं वर केली, म्हणजे आणखी थोडी ओल वाढव. मागांच्या आवाजात बोलून उपयोग नव्हता. त्यांचा दमा तेव्हा सुरू झालेला होता, आणि तो वाढवणारी गोष्ट ते माझ्याकडे मागत होते, कारण धागे तुटत होते. मी झडप उघडली. याचा मला आजही त्रास होतो.

त्या गिरणीतल्या जुन्या यंत्रांच्या बिडाच्या चौकटींवर ठळक अक्षरांत नाव ओतलेलं होतं, प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम. लहानपणी वडिलांचा डबा घेऊन जायचो तेव्हा त्यातली इंग्रजी अक्षरं लावत बसायचो. लंडनच्या आधी मला ओल्डहॅम माहीत झालं. कावसजी दावर यांनी 1854 साली ताडदेवला मुंबईची पहिली सूतगिरणी काढली, तिचीही यंत्रं प्लॅटचीच. मुंबईला समुद्राने तरी हात दिला. जमशेटजी टाटांनी 1877 साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली ती कापसाच्या शेजारी असावी म्हणून, पण तिथल्या उन्हाळ्याची हवा तव्यासारखी. तिथे हवा ओली करणारी यंत्रं बसवावी लागली. वऱ्हाडाचा कापूस, ओल्डहॅमचं बीड, आणि लँकेशरची हवा नळातून तयार केलेली.

ओलीशी सूत जुळवायच्या या खटाटोपात बोल्टनकडची बाई स्वतःच्या तोंडाचंही पाणी देत होती. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची, आणि धोट्याच्या बारीक भोकातून सुताचं टोक ओठ लावून ओढून घ्यायचं. एका बाईचा धोटा दुसरी ओढायची. दिवसात शेकडो वेळा सुताची धूळ आणि खळ तोंडात. आमच्या गल्लीतल्या एक वयस्कर बाई, ज्या स्वतः विणकर होत्या, सांगतात की त्यांच्या आईचे पुढचे दात चाळिशीआधी गेले. ही पद्धत बंद करणारा नियम आला तो 1952 साली. इतका उशीर कसा लागला, याचं उत्तर मला सापडलेलं नाही. हाताने ओवता येणारे धोटे त्याच्या फार आधीपासून होते.

बाहेरच्या उन्हाचा आनंद गिरणीतल्या माणसाला मिळायचाच नाही असं नाही. प्रत्येक गावाचा एक आठवडा असायचा, 'वेक्स'. मुळात ती गावच्या देवळाची जत्रा, आपल्या उरुसा-जत्रेसारखी. गिरण्या आल्यावर सगळं गाव एकदम बंद ठेवायचा आठवडा झाला. ओल्डहॅमचा ऑगस्टच्या शेवटी, बोल्टनचा त्याआधी, जून-जुलैत. शेकडो चिमण्यांचा धूर थांबायचा आणि एरवी न दिसणारे डोंगर गावातून दिसायचे. वर्षभर क्लबात पैसे साठवून माणसं रेल्वेने ब्लॅकपूलच्या समुद्रावर जायची. सप्टेंबर आला की समुद्रावरचा हंगाम संपे. ब्लॅकपूलवाल्यांनी तो लांबवायचा ध्यास घेतला. 18 सप्टेंबर 1879 रोजी त्यांनी किनाऱ्यावर विजेचे आठ मोठे दिवे लावले. या दिव्यांचं वर्णन त्या वेळी 'कृत्रिम सूर्यप्रकाश' असं झालं. 1912 पासून रोषणाईची पद्धत पडली आणि ती आजही शरदात लागते. निसर्गाने सप्टेंबरात ऊब दिली तर ठीक, नाहीतर दिव्यांची. मला ही माणसं फार जवळची वाटतात. त्यांच्याकडे वर्षात सात दिवस होते आणि त्यातही पाऊस पडायचा.

1913 साली ब्रिटनने जगाला जवळजवळ 7 अब्ज यार्ड सुती कापड विकलं, त्यातलं सुमारे 3 अब्ज एकट्या हिंदुस्थानाने घेतलं. पुढे मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या वाढल्या, जपान आला, बहिष्कार आला. गांधीजी गोलमेज परिषदेला आले असताना सप्टेंबर 1931च्या शेवटच्या आठवड्यात मुद्दाम लँकेशरला आले, डार्वेनजवळ स्प्रिंगव्हेलला राहिले. 26 तारखेला गिरणी कामगार बायकांच्या गराड्यात उभे असलेले गांधी, हे छायाचित्र आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्यातल्या बायका हसतायत. त्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या गावात काम नव्हतं, आणि त्याचं एक कारण त्यांच्यासमोर उभं होतं. गांधीजींनी त्यांना सांगितलं की तुमची बेकारी मला दिसते, पण माझ्या खेड्यांतली भूक त्याहून मोठी आहे. मी ते चित्र पाहतो तेव्हा मला त्यात शत्रू दिसत नाही कुणीच. दोन्हीकडची माणसं कापसावर जगणारी.

1950च्या दशकाच्या शेवटी ब्रिटन स्वतःच निर्यातीपेक्षा जास्त सुती कापड आयात करायला लागलं. उरलेल्या गिरण्यांनी यंत्रं रात्रंदिवस चालवून तगायचा प्रयत्न केला. रात्रपाळीला इथली माणसं मिळेनात, म्हणून भाईंसारखे तरुण आले. भाई सांगतात, पहिल्या हिवाळ्यात सगळ्यात ऊबदार जागा म्हणजे गिरणी. रात्री दहा ते सकाळी सहा. उजाडताना घरी यायचं, ज्या गादीतून दिवसपाळीवाला नुकताच उठलाय तीच गादी. सप्टेंबरातली असली सुंदर दुपार त्यांनी अनेक वर्षं झोपेत काढली.

बर्नलीजवळच्या हार्ल साइक गावात क्वीन स्ट्रीट मिल आहे. वाफेच्या इंजिनावर चालणारी ती जगातली शेवटची विणकाम गिरणी. आता संग्रहालय आहे. इंजिनाचं नाव पहिल्या महायुद्धानंतर बदलून 'पीस' ठेवलं, म्हणजे शांती. गेल्या वर्षी मी आणि भाई मुलीच्या गाडीतून तिथे गेलो. दाखवण्यापुरते थोडे माग चालू केले, शेकडो चालत असताना काय आवाज असेल याची त्यावरून कल्पना येते. भाईंनी कानावर हात नेला नाही, मीही नाही. शेडच्या दगडी फरशीला हात लावला तर गार आणि ओलसर. ती गिरणी 1982 साली बंद झाली. फलकावर ते साल वाचून मी थांबलो. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईत अडीच लाख कामगार संपावर गेले, त्यांत मी होतो आणि वडीलही. नंतर मी इचलकरंजीला गेलो, यंत्रमागांच्या शेडवर नोकरी धरली. वडील गावी गेले. साताऱ्याची कोरडी हवा त्यांच्या छातीला मानवली, चार वर्षं बरी गेली. पण सकाळी उठून अंगणात आले की ते वारा कुठून येतोय ते बघायचे.

त्या सप्टेंबरातल्या सकाळचं राहिलं. मुलीने माझ्या सत्तरीला जुन्या वस्तूंच्या बाजारातून एक जोडी आणून दिली होती. लाकडी पाटी, दोन थर्मामीटर, खाली काचेची बाटली, पाटीवर कुठल्यातरी बंद पडलेल्या गिरणीचा क्रमांक. ती मी मागच्या दाराशी सावलीत टांगलेली आहे. भाई कुंपणावरून वाकले आणि म्हणाले, "बघू नका. मी सांगतो. चाळीस."

मी जवळ जाऊन वाचलं. सुका 26, ओला 17. तक्ता काढायची गरज नव्हती. चाळीसच.

बाटलीतलं पाणी तळाला गेलं होतं. मी आतून तांब्या आणला आणि बाटली गळ्यापर्यंत भरली, वात नीट बुडाली आहे ना ते पाहिलं. भाई आत जाऊन चादरीची घडी घालू लागले.